चुंबकाला चिकटलेलं

चित्रदुर्गाच्या अलीकडं गाडीतला अडॅप्टर मेला.
आधी त्याचा लाल ठिपका लुकलुकला,
मग फोनवरचा नकाशा गेला, मग फोन.
पुढं माणसांना विचारत आलो
सेलम ते लेंगरे,
यात्रेच्या आदल्या रात्री.
आबा फाट्यावर उभे, हातात बॅटरी.
"अकरा फोन केले," एवढंच म्हणाले
आणि गाडीच्या उजेडात पुढं चालू लागले,
मला घर माहीत नसल्यासारखे.

सकाळी विजयमाला म्हणाली, दोनशे रुपयाची वस्तू,
विट्यातनं नवी आणा.
खरं होतं तिचं.
पण आम्ही गलाई माणसं.
सराफाच्या दुकानातला केर विकत घेतो,
पायपुसणी जाळून राख धुतो
गुंजभर सोन्यासाठी.
उकिरड्यापर्यंत आमचा हात सहजी जात नाही.

ओसरीवर पेपर पसरला.
टोकाची चकती घट्ट बसलेली,
दात लावणार इतक्यात आबांनी पक्कड पुढं केली.
चकती सुटली, आणि आतली स्प्रिंग
टुणकन उडाली ती थेट कॉटखाली,
गेल्या यात्रेपासून न झाडलेल्या अंधारात.
हातात राहिला काचेचा फ्यूज.
उजेडाला धरला. आतली तार शाबूत.
म्हणजे दुखणं खाली,
हिरव्या पट्टीवर, मधल्या तारेच्या बुडाशी.
मला काही दिसेना.
आबांनी नख फिरवलं.
"डाख सुटलाय."
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पण नख अजून दुकानात बसतं.

वरच्या मजल्यावर बारा प्लग आहेत,
मीच बसवून घेतले, पितळी स्क्रूचे.
त्यातल्या एकात आज पहिल्यांदा पिन गेली.
इस्त्री नव्हे, टीव्ही नव्हे,
पंचवीस वॅटची डाखाची काडी.

हजार अंशांवर सोनं पातळ करतो मी रोज,
मूस उचलताना हात हलत नाही.
इथं मोहरीएवढ्या कथलापुढं हलला.
थेंब शेजारच्या पायावर सांडला.
"पूस. परत लाव."
राळेचा धूर वर गेला, आबांनी नाक पुढं केलं,
आणि बराच वेळ मागं घेतलं नाही.

शर्वरी कॉटखाली जाऊन आली,
"इंगे इल्ले, अप्पा,"
भुवयांना जाळी लावून.
पेनातली घालू का, तिनं विचारलं.
पातळ असते ती, तापेल, म्हणालो.

मग आबा उठले.
फळीवरच्या डब्यातनं चुंबक काढलं,
नालासारखं, तांबडा रंग उडालेलं.
केर मुशीत जायच्या आधी त्यातनं हेच फिरवायचे:
टाचण्या, खिळे, कानशीचा कीस,
लोखंड तेवढं उचलायचं
आणि दाराबाहेर झटकायचं.
चाळीस वर्षं, तीन गावं, दोन भाषा.

गुडघ्यावर बसून त्यांनी कॉटखाली हात घातला,
चार चार बोटं सरकवत,
एकही फरशी न चुकवता.
बाहेर आलं तेव्हा चुंबकाला होती
एक गंजकी पिन, ब्लेडचा तुकडा,
आईच्या जुन्या पोलक्याचा हूक,
आणि स्प्रिंग.

हूक त्यांनी खिशात टाकला.
बोलले ते स्प्रिंगबद्दलच.
"आयला, चिकटल्यालं ठिवायचं आन् उरल्यालं झाडायचं,
ह्ये पयल्यांदाच."

सांध्याला फुंकर घातली.
फ्यूज, स्प्रिंग, चकती. गाडीत खुपसला, चावी एक घर फिरवली.
ठिपका लाल.
शर्वरीनं टाळी वाजवली, विजयमालानं भाकरी थापता थापता
"झालं का दोनशे रुपयाचं?" विचारलं.

यात्रा झाली. पालखी, कुस्त्या, मटण, पाहुणे.
बुधवारी पहाटे निघायचं.
मंगळवारी रात्री अंगणात आलो तर
गाडीचं दार उघडं, आत उजेड.
आबा पुढच्या सीटवर.
त्यांचा बटणांचा फोन वायरीला लावलेला,
मांडीवर, उलटा.

"घरात प्लग हायत की आबा. बारा."
"आसंना. हितं बरं चार्ज हुतंय."

मी पलीकडून येऊन स्टिअरिंगपुढं बसलो.
बॅटरी उतरेल, हे जिभेवर आलं होतं.
ते तिथंच राहू दिलं.